खिशातली प्रयोगशाळा
(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महाराष्ट्रापासून दूर, अन्यभाषक प्रदेशात एखादी मराठी शाळा साठ वर्षे अखंड चालते, यामागे अनेकांचे निःशब्द कष्ट असतात. त्या सर्वांना प्रथम वंदन करतो. संयोजकांनी विज्ञानावर बोला एवढेच सांगून विषय माझ्यावर सोपवला. अंतराळमोहिमांवर बोललो असतो तर सभागृह अधिक रंगले असते. तरी आज मी एका अगदी लहान साधनाविषयी बोलणार आहे. पेन ड्राइव्हवर मावणारे, विनामूल्य मिळणारे आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालणारे असे हे साधन आहे. इलेक्ट्रॉनिक परिपथ प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी तो कसा वागेल हे संगणकावर आजमावून पाहण्याचे काम ते करते. त्याला सर्किट सिम्युलेटर म्हणतात. मराठीत परिपथ-प्रतिरूपक म्हणता येईल; पण आपण रुळलेला शब्दच वापरू.

या विषयाची निवड करण्यामागे एक कारण आहे. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाची पहिली अडचण बुद्धीची नसते, भीतीची असते. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात दोन मल्टिमीटर असतात, ऑसिलोस्कोप बहुधा नसतोच. जे भाग आहेत ते जळले तर पुन्हा कधी येतील याची खात्री नसते. मग शिक्षक प्रयोग करून दाखवतात आणि मुले लांबून पाहतात. 'हा रोध दुप्पट केला तर काय होईल?' हा प्रश्न मनात येतो, पण विचारला जात नाही; कारण विचारला तर करून पाहावे लागेल आणि करून पाहिले तर काहीतरी जळेल. न विचारलेल्या या प्रश्नांची किंमत आपण कधी मोजत नाही. सिम्युलेटर ती भीती काढून टाकतो. तेथे हजार ट्रान्झिस्टर जाळले तरी एक पैसा खर्च होत नाही.

हे साधन कोठून आले ते थोडक्यात पाहू. आपली शाळा साठ वर्षांची. या साधनाचा मूळपुरुष तिच्याहून थोडासाच धाकटा आहे. एकेकाळी अभियंते परिपथ जोडून पाहत, मोजत आणि सुधारत. पण अनेक ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर कोरले जाऊ लागले तेव्हा ही रीत अपुरी पडली. आयसीच्या पोटातला एखादा रोध काढून दुसरा बसवता येत नाही आणि आतल्या प्रत्येक जोडावर मोजणीची सुई टेकवता येत नाही. चूक झाली तर आठवड्यांचे श्रम आणि पैसा वाया जातो. म्हणून आधी गणिताने पाहून घेणे अटळ झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत १९७० च्या सुमारास प्राध्यापक रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी असा एक प्रोग्रॅम लिहिला. त्या पायावर लॉरेन्स नेगल यांनी प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पाइस' तयार केला. १९७३ मध्ये तो प्रथम जाहीरपणे मांडला गेला आणि १९७५ मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. या साधनाचा आरंभ वर्गातल्या अभ्यासातून झाला, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

त्याहून महत्त्वाचा होता पेडरसन यांचा आग्रह. हा प्रोग्रॅम सर्वांना मुक्तपणे मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मागेल त्याला चुंबकीय फितीवर त्याची प्रत नाममात्र खर्चात मिळे. शिक्षण संपवून कारखान्यांत गेलेले विद्यार्थीही तो बरोबर घेऊन गेले. आज आपण जे काम पेन ड्राइव्हने करतो, ते त्या काळी फितीने केले. ज्ञान कुलपात न ठेवता हाती दिल्यामुळे स्पाइस जगभर पोहोचला. १९८४ मध्ये 'पीस्पाइस' या नावाने तो वैयक्तिक संगणकावर आला. १९९९ मध्ये एका आयसी उत्पादक कंपनीने 'एलटीस्पाइस' विनामूल्य दिला आणि आजही तो तसाच मिळतो. बर्कलेच्या मूळ प्रोग्रॅमपासून वाढलेला 'एनजीस्पाइस' मुक्तस्रोत आहे. त्याची आज्ञावली कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो. आयआयटी मुंबईतील 'फॉसी' प्रकल्पाने एनजीस्पाइस आणि आकृत्या काढण्याचे 'कायकॅड' यांची सांगड घालून 'ईसिम' हे साधन घडवले आहे. त्याच संस्थेत सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे बोलके पाठ अनेक भारतीय भाषांत मिळतात आणि त्यांत मराठीही आहे. मराठीतून शिकणाऱ्या मुलाला या विषयाचे दार बंद आहे, असे म्हणण्याचे कारण आता उरलेले नाही.

आता 'खिशातली' या शब्दाचा खुलासा करतो. बहुतेक सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे लागते. त्यासाठी व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. तो ज्यांच्याकडे असतो ते नेमके त्या दिवशी रजेवर असतात. काही प्रोग्रॅम मात्र नुसत्या एका फोल्डरमधून चालतात. एनजीस्पाइसची विंडोजसाठीची प्रत अशी आहे: दाबून बांधलेली फाइल उलगडायची, फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि तेथूनच प्रोग्रॅम सुरू करायचा. पॉल फॉल्स्टॅड यांचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेटवाचूनही चालवता येतो. त्यात विद्युतधारा चालत्या ठिपक्यांनी दिसते, म्हणून आठवी-नववीच्या मुलांसाठी आरंभ तेथूनच करावा. अशा साधनाला पोर्टेबल म्हणतात. ज्याच्या घरी संगणक नाही, तो मुलगा शाळेत, वाचनालयात, आत्याच्या घरी, मिळेल त्या संगणकावर आपला अर्धवट राहिलेला परिपथ पुढे नेऊ शकतो. एक दक्षता मात्र हवी: प्रोग्रॅम त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावा. हातोहात फिरणाऱ्या पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही फिरतो.

सिम्युलेटरच्या पोटात जादू नाही. तुम्ही दहावीच्या आगेमागे शिकता तीच तत्त्वे तेथे आहेत. गुस्ताव किरचॉफ या जर्मन विद्यार्थ्याने १८४५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, दोन नियम मांडले. कोणत्याही जोडबिंदूत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर जाते. आणि कोणत्याही बंद वळशातील विभवांतरांची बेरीज शून्य होते. सिम्युलेटर तुमच्या आकृतीतील प्रत्येक जोडबिंदूसाठी असे एक समीकरण लिहितो आणि सर्व समीकरणे एकत्र सोडवतो. डायोड किंवा ट्रान्झिस्टर सरळ रेषेत वागत नाहीत. म्हणून तेथे आधी एक अंदाज धरतो, तो तपासतो, सुधारतो आणि उत्तर स्थिर होईपर्यंत हेच करतो. काळाबरोबर काय बदलते हे पाहायचे असेल तर काळाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर हे सारे पुन्हा करतो. माणसाला जे करायला महिने लागतील ते तो क्षणात करतो. पण करतो ते तुमच्या वहीतलेच गणित.

एका उदाहरणाने हे स्पष्ट करतो. समजा, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आपल्याला १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर देणारा वीजपुरवठा तयार करायचा आहे. साहित्य नेहमीचे: २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८१२ हा रेग्युलेटर. आधी कागदावर पाहू. १२ व्होल्टचे शिखर सुमारे १७ व्होल्ट असते; वाटेत दोन डायोडांपाशी १.४ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे कपॅसिटरवर १५.६ व्होल्ट मिळतात. रेग्युलेटरला बाहेर १२ देण्यासाठी आत सुमारे १४ लागतात. सारे ठीक वाटते.

पण दोन शिखरांमध्ये १० मिलिसेकंदांचे अंतर असते आणि त्या वेळात भार एकट्या कपॅसिटरवर असतो. साध्या सूत्राने विभवांतर ५ व्होल्टांनी खाली येते. हाच परिपथ सिम्युलेटरवर चालवला तर घसरण सुमारे ४ व्होल्टांची दिसते. हा फरक का पडला? पुढचे शिखर येण्यापूर्वीच डायोड पुन्हा वाहू लागतो, म्हणून कपॅसिटरला पूर्ण १० मिलिसेकंद एकट्याने तग धरावा लागत नाही. सूत्र थोडे भित्रे आहे, हे आलेखाने दाखवले. तरीही तळाला ११.६ व्होल्टच उरतात. रेग्युलेटरला हवेत १४. परिणामी १२ व्होल्टांच्या रेषेत सेकंदाला शंभर खड्डे पडतात. या पुरवठ्यावर रेडिओ लावला तर तो गुणगुणत राहील. कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा केला की घसरण एका व्होल्टच्या आत येते आणि रेषा सरळ होते.

येथे थांबणारा विद्यार्थी पास होईल. पण आपल्या घरातली वीज नेहमी २३० व्होल्ट असते का? उन्हाळ्यातल्या संध्याकाळी दिवे कसे मंदावतात हे तुम्ही पाहिले आहे. सिम्युलेटरमध्ये मुख्य वीज दहा टक्क्यांनी उतरवून २०७ व्होल्ट करा. आता ट्रान्सफॉर्मरमधून १०.८ व्होल्ट येतात आणि डायोडांनंतरचे शिखरच १३.९ व्होल्टांवर थांबते. कपॅसिटर कितीही मोठा घेतला तरी १४ मिळणार नाहीत. दोष कपॅसिटरचा नव्हताच. ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्टांचा हवा होता. तो बसवा आणि वीज उलट दहा टक्के चढवून २५३ करा. आता रेग्युलेटरच्या आत २१ व्होल्टांहून अधिक येतात आणि जास्तीचे व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने टाकतो. साडेचार वॅटहून अधिक उष्णता! म्हणजे त्याला धातूची उष्माशोषक पट्टी हवी. हे तीन शोध अर्ध्या तासात लागले. ना कोणाला झटका बसला, ना एकही भाग जळला. ब्रेडबोर्डवर हे करायचे तर वीज कमीजास्त करणारे यंत्र लागले असते. शिवाय २३० व्होल्टांचे काम शिक्षकांच्या उपस्थितीवाचून विद्यार्थ्याने कधीही करू नये. संरचना म्हणजे नुसती जोडणी नव्हे. परिस्थिती बिघडली तर काय, हा प्रश्न आधी विचारणे म्हणजे संरचना. सिम्युलेटर तो प्रश्न स्वस्त करतो.

आता या साधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण भक्ताने साधनाचे दोष झाकले तर शिकणाऱ्याचे नुकसान होते.

सिम्युलेटर विचारलेल्याचेच उत्तर देतो. १०० ओहमच्या रोधावर १२ व्होल्ट लावले तर तो शांतपणे १२० मिलिअँपिअर दाखवतो. प्रत्यक्षात त्या रोधात १.४४ वॅट शक्ती खर्च होते आणि बाजारात मिळणारा पाव वॅटचा रोध धूर सोडतो. पडद्यावर धूर निघत नाही. शक्ती किती हे वेगळे विचारावे लागते आणि ते विचारायचे हे आपल्याला सुचावे लागते. तसेच ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला रोध असतो, कपॅसिटरच्या आतही थोडा असतो. आपण सांगितला नाही तर सिम्युलेटर तो नाहीच असे धरून चालतो.

काही चुका भाषेच्याही असतात. शाळेत आपण शिकतो की मोठे 'एम' म्हणजे मेगा आणि लहान 'एम' म्हणजे मिली. स्पाइसचा जन्म पंचकार्डांच्या काळातला. त्याला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद कळत नाही. त्याच्या लेखी कोणताही 'एम' मिलीच. दहा लाख ओहमचा रोध हवा म्हणून आकड्यापुढे 'एम' लिहिला तर ओहमचा हजारावा भाग बसतो. मेगासाठी 'एमईजी' ही तिन्ही अक्षरे लिहावी लागतात. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, परिपथ मात्र भलतेच काही करतो. ज्याने आधी कागदावर अंदाज मांडला आहे, त्याच्या हे तत्काळ ध्यानात येते. ज्याने मांडला नाही, तो पडद्यावरचा आकडा खरा मानून वहीत उतरवतो.

आणखी एक गंमत पाहा. दोन ट्रान्झिस्टरांचा, आळीपाळीने दोन दिवे लुकलुकवणारा परिपथ तुमच्यापैकी अनेकांनी विज्ञान प्रदर्शनात पाहिला असेल. त्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या असतात. तो सिम्युलेटरवर मांडला तर पुष्कळदा दिवे लुकलुकतच नाहीत. दोन्ही अर्धवट जळत स्थिर राहतात. आकृतीत चूक नसते. संगणकातले दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत एकसारखे असतात, त्यामुळे आधी कोणी वळायचे हे ठरत नाही. टेबलावरच्या दोन ट्रान्झिस्टरांत सूक्ष्म फरक असतो, तारांत अल्पसा गोंगाट असतो. तेवढ्याने तोल ढळतो आणि परिपथ चालू लागतो. संगणकावर तो चालवायचा तर एका बाजूला आरंभीचे वेगळे मूल्य द्यावे लागते. वास्तवातल्या ज्या उणिवांना आपण दोष म्हणतो, त्यांच्यावर काही परिपथ चालतात हे पुस्तकापेक्षा या फसलेल्या प्रयोगातून अधिक चांगले कळते.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की सिम्युलेटर आला म्हणून प्रयोगशाळेचे कपाट बंद करू नका. सोल्डरिंगचा वास, गरम झालेल्या रेग्युलेटरचा बोटाला बसलेला चटका, सैल तारेमुळे वाया गेलेली दुपार यांना पर्याय नाही. ज्याने केवळ पडद्यावर परिपथ चालवले, त्याला सारे जग आज्ञाधारक वाटते. आणि ज्याला केवळ भाग जोडता येतात, त्याला परिपथ चालला तर का चालला हे सांगता येत नाही. दोन्ही अपुरे.

विद्यार्थ्यांना मी एक साधी रीत सुचवतो. प्रयोगवहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्यात कागदावर काढलेला अंदाज लिहा. दुसऱ्यात सिम्युलेटरचे उत्तर. तिसऱ्यात परिपथ जोडून मल्टिमीटरने मोजलेला आकडा. सुरुवात सोपी करा: १० किलोओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. दोहोंचा गुणाकार एक सेकंद. सूत्र सांगते की एका सेकंदात कपॅसिटर ६३ टक्के भरेल. सिम्युलेटरही तेच सांगेल. मोजायला गेलात तर आकडा वेगळा येईल. कारण अशा कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालते. चौथ्या रकान्यात हा फरक का पडला ते आपल्या भाषेत, मराठीत, दोन ओळींत लिहा. पहिले तीन रकाने भरायला माहिती आणि साधने पुरतात. चौथा रकाना समजल्यावाचून भरता येत नाही आणि जे समजले आहे ते सर्वांत स्वच्छ आपल्याच भाषेत उतरते. पुढे महाविद्यालयात शब्द इंग्रजी येतील. रोधाची नागमोडी खूण आणि किरचॉफचे नियम तेच राहतील.

संस्थाचालकांसाठी एक मागणी करून थांबतो. हीरकमहोत्सवानिमित्त शाळेत कोनशिला बसेल, सभागृहाला रंग लागेल. ते सारे व्हावे. त्याचबरोबर आठवीत येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एक पेन ड्राइव्ह द्यावा. त्यात एखादा पोर्टेबल सिम्युलेटर, शिक्षकांनी मराठीत लिहिलेले दहा प्रयोग आणि चार रकान्यांचे एक कोरे पान असावे. सोबत प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली आठवड्यातून एक दुपार मुलांच्या हाती असावी. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. पेन ड्राइव्हचा खर्च माजी विद्यार्थी उचलू शकतील आणि त्यांत माझेही नाव पहिल्या ओळीत लिहावे. दहा प्रयोग लिहिण्याचे काम मात्र शिक्षकांचे आहे. ते झाले तर शंका मनात दाबून बसणारी मुले त्या मोठ्याने विचारू लागतील, आणि शाळेला साठीनिमित्त देता येईल अशी याहून चांगली भेट मला सुचत नाही.